उशाशी की पायथ्याशी

शनिवार, नाईट ऑफ

सकाळी मामेबहिणीचा मेसेज आला. "ताई, तू सारखी म्हणतेस ते जपानी ॲनिमेशन, ॲनिमे, मलाही बघायचंय. पण शाळेतल्या पोरांची मारामारी नको, मोठ्या माणसांचं काहीतरी सांग. चार नावं दे." दुपारी पोळ्या लाटता लाटता चार नावं ठरवली, संध्याकाळी त्यातली दोन खोडली. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सलग पाच नाईट केल्यावर शरीराला रात्र ही रात्र वाटतच नाही, म्हणून वही काढून बसले आहे.

पहिलं नाव मात्र एकदाही खोडलं नाही. 'मॉन्स्टर'. नाओकी उरासावांच्या मांगावरून (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) मॅडहाउस स्टुडिओनं २००४-०५ मध्ये केलेली मालिका, एकूण ७४ भाग. १९८६ सालचं पश्चिम जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. केंझो तेन्मा हा तरुण जपानी न्यूरोसर्जन. हात सोन्याचा, वरिष्ठांचा लाडका. एका रात्री त्याच्या टेबलावर एक तुर्की मजूर यायचा असतो, पण वरून निरोप येतो की आधी नामवंत ऑपेरा गायकाचं ऑपरेशन करायचं. तेन्मा ते करतो आणि गायक वाचतो. मजुराला दुसरा डॉक्टर बघतो आणि तो दगावतो. मग कॉरिडॉरमध्ये त्याची बायको तेन्माला गाठते. आमचा माणूस आधी आला होता, एवढंच तिचं म्हणणं.

हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पॉज करून पाणी प्यायला उठले होते. अकरा वर्षांच्या नोकरीत मी तीन हॉस्पिटलं बदलली. त्यातल्या एका ठिकाणी आयसीयूत एकच बेड रिकामा होता आणि कॅज्युअल्टीत एक आजोबा सकाळपासून स्ट्रेचरवर होते. आजी एक्स-रेची पिशवी छातीशी धरून बाजूला उभ्या. वरून एक फोन आला आणि बेड दुसऱ्याच कुणाला गेला. आजोबांना दुसरीकडे हलवायची चिठ्ठी मीच आजींच्या हातात दिली. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. "बरं, सिस्टर," म्हणाल्या. पुढे त्यांचं काय झालं, मला कधी कळलं नाही.

तेन्मा पुढच्या वेळी ऐकत नाही. डोक्यात गोळी लागलेला एक मुलगा आधी आलेला असतो, मागून शहराच्या महापौरांना आणतात. वरून हुकूम येतो, तरी तो मुलाचंच ऑपरेशन करतो. मुलगा वाचतो, महापौर जातात, आणि तेन्माचं पद आणि ठरलेलं लग्न दोन्ही हातचं जातं. आपल्याकडच्या बहुतेक कथा इथे टाळ्या घेऊन थांबल्या असत्या. इथे ही फक्त सुरुवात आहे. नऊ वर्षांनी तेन्माला कळतं की वाचवलेला योहान माणसं मारत सुटला आहे. बरोबर निर्णय घेतलेल्या माणसासमोर त्या निर्णयाचं फळ उभं राहतं, आणि उरलेले भाग तो त्या फळामागे जर्मनीभर आणि प्रागपर्यंत फिरतो. हातात बंदूक, आणि वाटेत कुणी जखमी दिसलं की ती बाजूला ठेवून टाके घालत बसतो. सगळे जीव सारखे मानले, तर योहानचाही सारखाच मानायचा का? हा प्रश्न मालिका भाषण करून विचारत नाही. एकेक माणूस समोर आणून विचारते. त्यातला ग्रिमर मला सगळ्यात जवळचा. पूर्व बर्लिनमधल्या ज्या अनाथाश्रमात मुलांच्या मनातल्या भावना खरवडून काढायचे, तिथे वाढलेला. त्याला हसायचं कसं, रडायचं कधी, हे परक्या भाषेसारखं शिकावं लागतं. (बहिणीला हे आधीच सांगायला हवं: मुलांवरचे अत्याचार आणि आत्महत्या या मालिकेत आहेत. मन बरं नसेल त्या आठवड्यात लावू नकोस.)

दुसरं नाव 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू'. हारुको कुमोता यांच्या मांगावरून, स्टुडिओ डीनची, २०१६ आणि २०१७ असे दोन सीझन. राकुगो म्हणजे जपानी एकपात्री कथनाची कला. कलाकार गुडघे मोडून गादीवर बसतो, जवळ एक पंखा आणि एक कापड. मान इकडे वळवली की नवरा, तिकडे वळवली की बायको. पंख्याची कधी काठी होते, कधी नूडल्स खायच्या काड्या. ज्यांनी एका माणसाला 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधलं अख्खं वऱ्हाड उभं करताना पाहिलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ॲनिमेत संपूर्ण कथा रंगवून सांगितल्या जातात, आणि अकिरा इशिदासारखे आवाजाचे कलाकार त्या खरोखर पेलतात. तरुण किकुहिको आधी घाबरत, कोरडेपणानं बोलतो. मग एके दिवशी त्याला आपला सूर सापडतो, आणि तो बदल फक्त आवाजातून कळतो.

दोन मुलं एकाच दिवशी एकाच गुरूच्या दारी येतात. एकाला कला सहज येते, दुसरा, म्हणजे किकुहिको, घासून घासून मिळवतो. त्यांच्यातलं प्रेम, असूया, मध्ये आलेली गेइशा मियोकिची, आणि मधूनच येणारं युद्ध. युद्धाबद्दलची एक खरी गोष्ट मी नंतर वाचली. १९४१ मध्ये राकुगोवाल्यांनी काळाला न शोभणाऱ्या म्हणून ५३ कथा स्वतःहून बंद केल्या आणि टोकियोच्या असाकुसा भागातल्या एका मंदिरात त्यांचं स्मारक बांधलं, माणसाचं बांधावं तसं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्या परत सुरू झाल्या.

या मालिकेत पुन्हा पुन्हा येणारी कथा म्हणजे 'शिनिगामी', यमदूताची. एका कंगाल माणसाला यमदूत दिसायला लागतो. तो आजाऱ्याच्या पायथ्याशी बसला असेल तर माणूस वाचणार, उशाशी बसला असेल तर जाणार. एवढ्या माहितीवर हा डॉक्टर म्हणून मिरवतो. मग पैशाच्या लोभानं एका श्रीमंताच्या घरी अंथरूणच फिरवतो. उशाशी बसलेला यमदूत पायथ्याशी येतो. रोगी वाचतो, पण याला एका गुहेत नेलं जातं. तिथे माणसांच्या आयुष्याच्या मेणबत्त्या जळत असतात, आणि याची अगदी विझायला आलेली असते.

म्हातारपणी याकुमो नाव घेतलेला किकुहिको ती कथा सांगतो तेव्हा मी दिवा लावून बसते. आमच्या वॉर्डात रात्री तीनच्या सुमारास राउंड घेताना मला हल्ली उशाकडे बघायची सवय लागली आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

'व्हिनलँड सागा' यादीत ठेवू की नको, हे अजून ठरत नाही. पहिल्या सीझनमध्ये (२०१९) व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या समुद्री लुटारूंनी, केलेली इतकी कत्तल आहे की बहीण दुसऱ्या भागातच सोडेल. पण मला द्यायचा आहे तो २०२३ चा दुसरा सीझन, आणि पहिला पाहिल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. बापाच्या सुडासाठी लहानपणापासून माणसं मारत आलेला थोरफिन आता डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम आहे. सूड घ्यायचा तो माणूसच उरलेला नाही. मग तो झाडं तोडतो, खोडं उपटतो, गहू पेरतो, आणि झोपेत मेलेली माणसं त्याला खाली ओढतात. भागामागून भाग जमीन साफ करण्यात जातात. मला ते जराही लांबलेलं वाटलं नाही. इतक्या जणांना मारलेला माणूस दोन भागांत सुधारला असता, तर मी टीव्ही बंद केला असता.

'मुशिशी' मात्र नक्की. २००५ ची, २६ भाग, प्रत्येक भाग स्वतंत्र. पांढऱ्या केसांचा गिन्को गावोगाव फिरून मुशी नावाच्या जीवांनी आजारी पडलेल्यांना बघतो. मुशी वाईट नाहीत, तेही फक्त जगत असतात. नाईटहून आल्यावर एकच भाग, चहा घेत. बर्फातल्या गावातल्या मुलाचा भाग लाव म्हणावं, ज्यात कानावर हात ठेवून आपल्याच हातांतला आवाज ऐकायचा असतो. मी तो भाग पाहताना हात कानावर ठेवून बघितले. खरंच लांबून काहीतरी वाहत असल्यासारखं ऐकू येतं.

दीड वाजला. मेसेज पाठवला: 'मॉन्स्टर' आणि 'मुशिशी' आधी. एक भाग याचा, एक त्याचा. राकुगो मी घरी येईन तेव्हा, दोघी मिळून बघू.

रविवार

दुपारी तिचा फोन. रात्रीच पहिला भाग बघितला म्हणाली. योहानबद्दल काही विचारलं नाही, तेन्माबद्दलही नाही. "ताई, त्या तुर्की बाईचं मग काय झालं गं?"

मी म्हटलं, आज परत नाईट आहे, डबा भरते आहे, उद्या बोलू.