उजवं मागचं

सकाळी मार्केट यार्डात निघालो तर गाडी उजव्या मागच्या चाकावर बसलेली. म्हैस हटून बसावी तशी. पंक्चर असेल म्हणून वाकून बघितलं, तर टायर टणक. एरवी टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं आरामात जातात, त्या दिवशी दोनही जाईनात. बटण दाबलं. हायब्रीड असल्यामुळं इंजिन लागलंच नाही, आणि त्या शांततेत मागून घर्रर्र सुरू झालं. चांगलं दीड मिनिट. गाडी हळूहळू वर आली आणि समोर पिवळी अक्षरं उमटली : सस्पेन्शनमध्ये बिघाड, सावकाश चालवा.

गाडी पुण्याहून सेकंडहँड घेतलेली. हळदीची अडत करणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला लागते, हे घरात बोलून झालेलं आहे, इथं परत नको.

गाडीला एअर सस्पेन्शन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लोखंडी स्प्रिंगच्या जागी प्रत्येक चाकावर रबराची थैली असते. कॉम्प्रेसर हवा भरतो, वॉल्व्ह ब्लॉक ती चार चाकांना वाटतो, आणि गाडी किती उंच आहे हे सेन्सर कॉम्प्युटरला सांगत राहतात.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप लावला. कोड निघाला, कॉम्प्रेसर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त चालतोय. कॉम्प्रेसर, वॉल्व्ह ब्लॉक, मागच्या दोन्ही थैल्या, असं पावणेचार लाखांचं एस्टिमेट हातात. वर प्रश्न, "पुरात होती का?" सांगलीचा पत्ता सांगितला की हे ठरलेलंच. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५, तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक गाडीकडं लोक संशयानं बघतात. ही गाडी तेव्हा पुण्यात होती म्हटलं, तर साहेब नुसते हसले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. कॉम्प्रेसरच गेला असता तर गाडी वर उठलीच नसती. ही उठत होती, पण रात्री बसत होती. म्हणजे हवा कुठंतरी जातेय, आणि ती भरता भरता कॉम्प्रेसर दमतोय.

घरातला शिवणकामाचा टेप घेतला. रात्री नऊला आणि सकाळी सहाला, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही चाकांचं, सौद्याच्या चिठ्ठीच्या पाठीमागं लिहून ठेवलं. तीन रात्री. तीन चाकं दोन-तीन मिलिमीटर खाली यायची, ते रात्रीच्या गारव्यानं हवा आकसते म्हणून. उजवं मागचं मात्र आठ सेंटिमीटर. मागची दोन्ही सारखी बसली असती तर मी वॉल्व्ह ब्लॉकवर संशय घेतला असता. चालू गाडी वाकडी उभी राहिली असती तर सेन्सरवर. एकच चाक, तेही उभ्या गाडीत, म्हणजे बहुतेक ती थैली किंवा तिची नळी.

इथवर हुशारी होती. मग माती खाल्ली. हवेची फुसफुस ऐकू येते का बघायला गाडी रेडीला, म्हणजे चालायच्या तयारीत, न आणता नुसतं स्विच ऑन ठेवून तासभर मागं कान लावून बसलो. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली. हायब्रीडमध्ये एवढी मोठी बॅटरी असते, पण कॉम्प्युटर जागा होतो तो या छोट्या बॅटरीवर. आडात भरपूर, पोहराच नाही! चार्जर लावून गाडी उठवली तर आणखी पाच कोड आलेले. ब्रेकचेसुद्धा. दोन दिवस पोटात गोळा. बॅटरी पूर्ण चार्ज करून सगळे कोड पुसले, पुन्हा आला तो एकच, कॉम्प्रेसरचा. बाकीचे नुसते कमी व्होल्टेजचे होते.

मिरजेला ट्रॅव्हल्सच्या बसचे एअर बलून बदलणारे एक चाचा आहेत. गाडी बघून म्हणाले, "शेठ, बस मोठी दिसती पण सरळ असती. ही लहान आहे, पण लाडावलेली." गाडीच्या मेनूत जॅक मोड असतो, तो आधी लावायचा, नाहीतर गाडी उचलल्यावर कॉम्प्युटर आपल्या मनानं हवा सोडतो-भरतो. उचललेल्या गाडीखाली आधाराच्या घोड्या लागल्याशिवाय चाचांनी आत हात घातला नाही. पोटाखाली नारिंगी केबल दिसल्यावर मात्र हात पटकन मागं घेतला. हाय व्होल्टेज आहे, तिच्या वाट्याला जायचं नाही, आपलं काम फक्त चाकाजवळ, असं सांगितल्यावर त्यांनी पोराला हाक मारून ती केबल दाखवून ठेवली.

भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून स्प्रे मारला. थैलीच्या घड्यांवर उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या बारीक भेगा होत्या, पण बुडबुडा नाही. वरच्या फिटिंगपाशी, नळी आत शिरते तिथं, फेसाचा एक मणी फुगत होता. सापडलं! चाचांनी नळीचं टोक सेंटिमीटरभर सरळ कापलं, नवीन फिटिंग बसवलं. दोन रात्री गाडी ताठ. तिसऱ्या सकाळी पुन्हा म्हैस.

फोन केला तर चाचा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आपण तिला उचलून बघितलं. उचलली की थैली ताणती, घडी उलगडती. भेग उघडती ती गाडी चाकावर उभी असताना. बसच्या पिटवर आणा." पिट म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा. पिटवर चारही चाकं जमिनीवर, गाडी नेहमीच्या उंचीला, चाचा खाली उतरलेले, मी वरून टॉर्च धरलेला. स्प्रे मारला आणि खालच्या घडीतून ताकावर येतो तसा फेस आला. पहिल्या दिवशी हेच करायला हवं होतं, असं दोघांनाही वाटलं, बोललं कुणी नाही.

थैल्या दोन्ही मागवल्या, कारण डावी तितकीच म्हातारी. नळी सोडवली तर पाण्याचे दोन थेंब चाचांच्या तळहातावर पडले. कॉम्प्रेसरसोबत ओल शोषणारा ड्रायर असतो, आत सिलिका जेलचे दाणे. कॉम्प्रेसर सारखा चालत राहिला की ते भिजून संपतात आणि पाणी पुढं जातं. मग ड्रायरही बदलला, आणि चाचांच्या हट्टानं रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा स्विच. "हा चिकटला तर कॉम्प्रेसर रात्रभर चालंल आणि जळंल, मग माझ्या नावानं बोंबलाल." नवीन थैलीत आधी हवा, मगच चाकावर वजन. रिकाम्या थैलीवर गाडी टेकवली तर घडी वाकडी बसते आणि ती लगेच फाटते, हे चाचांनी तीनदा बजावलं.

तळापासून नेहमीच्या उंचीला यायला आता पस्तीस सेकंद. कॉम्प्रेसर जुनाच ठेवलाय. एकूण खर्च एस्टिमेटच्या चौथाईच्या आत.

उंचीचं कॅलिब्रेशन राहिलं होतं. त्याला स्कॅनर लागतो, तिथं टेपचं काही चालत नाही. कोल्हापूरहून एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, जमीन एकदम लेव्हल पाहिजे. आमच्या गल्लीत ती कुठली! शेवटी गाडी यार्डाजवळच्या भुईकाट्यावर चढवली. बॅटरीला या वेळी चार्जर लावून ठेवला. मी टेपनं मोजून आकडे सांगितले, त्यानं भरले, गाडी चारही पायांवर जराशी हलली आणि स्थिर झाली. पिवळी अक्षरं गेली.

उतरताना काट्यावरच्या पोरानं सवयीनं पावती फाडून दिली. वजन २३४० किलो. माल : हळद.