फार्मॉल १४० च्या पोटाखाली रोलिंग कल्टिव्हेटर: बसवणी, कोन आणि वेगाचा माझा अनुभव

रोलिंग कल्टिव्हेटर म्हणजे पास (मातीखालून तण कापणारं आडवं पातं) नसलेलं कोळपं. पासेच्या जागी एका आसावर ओळीने बसवलेली, वाकड्या दातांची ओतीव चाकं असतात. त्या चाकांना स्पायडर म्हणतात आणि तीन ते पाच स्पायडर असलेल्या एका आसाला गँग. पीटीओ, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरचा फिरता दांडा, लागत नाही. ट्रॅक्टर पुढे सरकला की गँग जमिनीवर आपोआप फिरते, आणि ती चालीला तिरकी लावलेली असल्यामुळे प्रत्येक दात माती चिरतो आणि बाजूला सारतो. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या लिलिस्टन कंपनीचं नाव या अवजाराला इतकं चिकटलंय की अमेरिकेच्या दक्षिण भागात जुने शेतकरी त्याला नुसतं 'लिलिस्टन' म्हणतात. भुईमूग, कापूस आणि तंबाखूच्या या पट्ट्यात जुन्या गँग अजून लिलावात मिळतात. मी त्या एका ओळीच्या फार्मॉल १४० या छोट्या ट्रॅक्टरवर वापरतो. जमीन वाळूमिश्रित, पिकं भेंडी, मका, चवळी आणि थोडा भुईमूग.

फार्मॉल ए १९३९ साली आला. १९४७ पासून हायड्रॉलिकवाला सुपर ए निघाला आणि त्याच घडणीचा १४० केंटकीतल्या लुईव्हिलच्या कारखान्यात १९५८ पासून १९७९ पर्यंत बनत राहिला. या सगळ्यांत इंजिन डावीकडे आणि सीट उजवीकडे सरकवलेली आहे. बसल्या जागेवरून मान न वळवता ओळ पोटाखालून जाताना दिसते. आंतरमशागतीसाठी याहून सोयीची बैठक दुसऱ्या कुठल्या छोट्या ट्रॅक्टरवर मला मिळालेली नाही. ट्रॅक्टरच्या मागे तीन पॉइंटला (तीन सांध्यांच्या जोडणीला) लावलेल्या अवजारात चूक कळते तेव्हा दहा झाडं आडवी झालेली असतात. इथे ती आधी दिसते.

धाकटा फार्मॉल कबही एका ओळीच्या दोन गँग ओढतो, कारण फिरणाऱ्या चाकांना ओढ कमी लागते. त्याची अडचण गिअरची. दुसऱ्या गिअरमध्ये तो ताशी तीन मैलांच्या आसपास चालतो, तिसऱ्यात एकदम सहाच्या पुढे जातो. रोलिंग कल्टिव्हेटरला नेमका त्यामधला वेग हवा असतो. १४० चा तिसरा गिअर पावणेपाच-पाच मैल, म्हणजे ताशी साडेसात-आठ किलोमीटर देतो आणि तो अगदी कामाचा. कब वापरायचाच असेल तर तिसरा गिअर टाकून थ्रॉटल उतरवावा, पण त्या वेगाला स्टिअरिंग घट्ट असलं पाहिजे.

गँग विकत घेताना रंगाकडे बघू नये. एका हाताने गँग उचलून धरायची आणि दुसऱ्या हाताने फिरवायची. खरखर आली किंवा आस वरखाली हलला तर बेअरिंग गेलेलं आहे. बेअरिंग बदलता येतं, ते स्वस्तातलं काम. महागात पडतं ते स्पायडरचं भोक. आसाचा नट सैल राहून अवजार वर्षानुवर्षं चाललेलं असेल तर भोक खाल्लं जाऊन अंडाकृती होतं, आणि मग नट कितीही आवळा, स्पायडर डुगडुगतच राहतो. एकेक स्पायडर धरून पुढेमागे हलवून बघावा. दातांची लांबी मोजावी. नवा दात आणि झिजलेला दात यांत दीड-दोन इंचांचा फरक पडतो, आणि एकाच गँगवर लांब-आखूड स्पायडर मिसळलेले असतील तर आखूड चाक अधांतरी फिरतं आणि तिथे तणाची एक रेघ जशीच्या तशी उभी राहते. तुटलेल्या ओतीव दाताला साधं वेल्डिंग करून घेऊ नये. दगडाला पहिली टक्कर बसली की तो पुन्हा तिथेच तुटतो.

डावी आणि उजवी गँग ओळखायला शिकणं महत्त्वाचं. दातांना पीळ असतो, म्हणून दोन्ही गँग समोरासमोर ठेवल्या की एकीचे दात दुसरीच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसले पाहिजेत. पूर्वीच्या मालकाने सुटे स्पायडर उलटसुलट भरलेले असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

आता बसवणी. आधी ट्रॅक्टर सिमेंटच्या सपाट फरशीवर घ्यायचा. मागच्या चाकांचं अंतर ४० ते ६८ इंचांपर्यंत, चार-चार इंचांच्या टप्प्यांनी बदलता येतं. चाकं उलटी फिरवून आणि रिमचे क्लँप बदलून हे करतात. छत्तीस इंची ओळींसाठी मी एकच ओळ दोन चाकांच्या मध्ये घेतो आणि चाकांमधलं अंतर ३६ च्या जवळ जावं म्हणून ४० वर ठेवतो, म्हणजे चाकं ओळीच्या दोन्ही बाजूंना मधल्या पट्ट्यात चालतात. ६८ वर ठेवलं तर चाकं शेजारच्या ओळींवर चढतात. पेरणी त्याच चाकांच्या मापाने केलेली असली की हा प्रश्न येतच नाही, म्हणून चाकांचं माप पेरणीआधी ठरवावं.

मग फरशीवर खडूने मध्यरेषा मारायची. इथे सगळ्यांची फसगत होते. या ट्रॅक्टरचं इंजिन एका बाजूला असल्यामुळे इंजिनचा मध्य म्हणजे ओळीचा मध्य नाही. मागच्या दोन टायरच्या मध्यांमधलं अंतर मोजून त्याचा निम्मा घ्यायचा, तिथून ओळंबा सोडायचा आणि ती रेघ पुढच्या चाकांपर्यंत ओढायची. त्या रेघेपासून दोन्ही गँगची आतली टोकं सारख्याच अंतरावर हवीत.

खोली ठरवायची सोपी रीत अशी. चारही चाकांखाली दीड इंच जाडीच्या फळ्या घालायच्या. हायड्रॉलिकचे लिव्हर कामाच्या जागेवर आणायचे आणि गँगचे उभे दांडे क्लँपमध्ये सैल करून सगळे स्पायडर फरशीला टेकवायचे. मग आवळायचे. शेतात चाकं अर्धा इंच रुततात, त्यामुळे खरी खोली दोन इंच मिळते. त्याहून खोल जायचं कारण नाही. खोल गेलं की पिकाची वरची पांढरी मुळं तुटतात आणि खालचं तणाचं बी उजेडात येऊन नवी पिढी उगवते.

कोनाचा एकच नियम पाठ करायचा: गँगचं जे टोक पुढे, माती त्या बाजूला जाते. आतलं, म्हणजे ओळीकडचं टोक पुढे असेल तर माती झाडाच्या बुडाशी येते, भर लागते. आतलं टोक मागे आणि बाहेरचं पुढे असेल तर माती ओळीपासून दूर जाते. दिशा बदलताना नुसता कोन उलटा करून भागत नाही. दातांच्या पिळामुळे डावी गँग उजवीकडे आणि उजवी डावीकडे न्यावी लागते. कोन जितका जास्त तितकी माती जास्त हलते. मी दहा-बारा अंशांपासून सुरू करतो. दोन्ही बाजूंचा कोन मात्र काटेकोर सारखा हवा. एका बाजूला चार-पाच अंश जरी जास्त झाले तर ट्रॅक्टर दिवसभर एका अंगाला ओढतो, आणि पुढून हलका असलेला हा ट्रॅक्टर स्टिअरिंगने सावरून सावरून खांदे दुखतात. कोनमापक नसेल तर प्रत्येक गँगच्या दोन्ही टोकांपासून मागच्या आसापर्यंतचं अंतर टेपने मोजावं. त्यातला फरक दोन्हीकडे सारखा आला म्हणजे झालं.

तिसरं माप कलाचं. वरंब्यावरचं पीक असेल तर गँग वरंब्याच्या उताराला समांतर झुकवायची. आडवी ठेवली तर आतला स्पायडर वरंबा तासून काढतो आणि बाहेरचा सरीत हवेत राहतो. सपाट पेरणीत कल शून्य.

शेतात पहिली फेरी पीक तीन-चार इंचांचं असताना. माती बाहेर फेकणारी मांडणी, कोन कमी, ओळीच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच मोकळे, दुसरा गिअर. रोपं अगदी लहान असतील तर ओळीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची ढाल लावावी. दुसरी फेरी साधारण दहा-बारा दिवसांनी, गँगची अदलाबदल करून, तिसऱ्या गिअरमध्ये. या वेगाला माती उडून ओळीत पडते आणि झाडांमधलं बारीक तण दबतं. हेच या अवजाराचं खरं बळ. पासेने ओळीतलं तण निघत नाही, त्यासाठी खुरपं लागतं. दोन पानांवर असलेलं तण एक इंच माती पडली तरी मरतं. चार इंचांचं झालं की ते मातीतून डोकं वर काढतं, मग कितीही कोन द्या. म्हणून दिवस मोजत बसू नये, तण मोजावं. बोट फिरवल्यावर मातीत उगवत्या तणाचे पांढरे धागे दिसले की त्याच आठवड्यात जायचं. शेवटची फेरी भर लावायची. पोटाखाली वीस-एकवीस इंच जागा मिळते, त्यामुळे मका-भेंडी दीड फुटाच्या आत असेपर्यंतच.

भुईमुगाला हा हिशेब उलटा. बुंध्याशी माती ढकलली की खोडकुजीची बुरशी धरते, शिवाय खालच्या फांद्या गाडल्या जातात. तिथे माती आत घेणारी मांडणी कधीच करत नाही. कोन कमीत कमी, वेग कमी, आणि आऱ्या (फुलापासून निघून जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे देठ) जमिनीकडे निघाल्या की गँग वर. आपल्याकडे आऱ्या सुटल्यावर कोळपं बंद करतात, तोच नियम इथेही लागू.

चाकांच्या मागे दबलेली पट्टी तशीच राहते, तिच्यावर स्पायडर पोचत नाहीत. तिथे मागच्या दांड्यावर प्रत्येक चाकामागे एक फण किंवा आठ इंची पास लावली की काम पुरं होतं. हराळी आणि नागरमोथा जॉर्जियातही महाराष्ट्राइतकेच चिवट आहेत, आणि रोलिंग कल्टिव्हेटर त्यांचे तुकडे करून पसरवण्यापलीकडे काही करत नाही. अशा पट्ट्यात मी गँग उचलून पुढे जातो.

गँग जमिनीत न शिरता वर तरंगत असेल तर बहुतेक वेळा जमिनीने वर कडक पापुद्रा धरलेला असतो. कोन वाढवून तो फुटत नाही, फक्त ढेकळं रोपांवर येतात. गँगच्या चौकटीवर वजन टाकावं, किंवा पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाफसा येताच जावं. ओल्या चिकट जमिनीत दातांमध्ये माती भरून चाकाचा गोळा होतो. वेलवर्गीय तण आसाला गुंडाळतं. दर दोन फेऱ्यांनी उतरून कापून टाकायचं, नाहीतर ते बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतं. गँगचं आतलं टोक हाताने ढकलल्यावर अर्ध्या इंचापेक्षा जास्त हललं तर क्लँप झिजलाय. पत्र्याची पट्टी घालून तो घट्ट करावा. स्टिअरिंग चाकाला मोकळा फेर असेल तर आधी टाय रॉडची टोकं बघावीत, गँगचा कोन नंतर.

ग्रीस दर दहा तासांच्या कामाला. आसाचा नट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळायचा, हे चुकवू नये. हायड्रॉलिकचं तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय, ते बदलावं. जुन्या सिलिंडरमधून दाब हळूहळू उतरतो, म्हणून गँग खाली हात घालण्याआधी तिच्याखाली लाकडी ठोकळे, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. या ट्रॅक्टरांना उलटल्यास वाचवणारी कमान कारखान्यातून आलेली नाही, त्यामुळे बांधाच्या उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये वळू नये. आधी गँग वर, मग थ्रॉटल कमी, मग वळण.

हंगाम संपला की स्पायडर तारेच्या ब्रशने घासून, ग्रीस लावून, गँग जमिनीपासून वर टांगतो. क्लँपच्या जागेवर दांड्यांना छिन्नीने खूण केलेली आहे, म्हणजे पुढच्या वर्षी खडूची रेघ पुन्हा मारावी लागली तरी उंची मोजत बसावं लागत नाही. कार्बोरेटरची वाटी रिकामी करतो, कारण इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि हिवाळाभर ते तसंच राहिलं तर जेटमध्ये हिरवट गाळ धरतो.