परकराच्या नाडीखालची जखम

साडी नेसणाऱ्या बऱ्याच बायकांच्या कमरेला नाडीचा काळपट पट्टा असतो. आईलाही होता, मला आठवतं तेव्हापासून. त्या पट्ट्यात उजव्या कुशीला एका जागी कातडी सोलवटली, तिथे रुपयाएवढी जखम झाली आणि ती काही भरेना. खपली धरायची, नाडी घासली की निघायची, परकराला रक्ताचा डाग. हळद झाली, खोबरेल तेल झालं. मग मेडिकलवाल्याने खाजेची ट्यूब दिली. असल्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, म्हणून बरं वाटतं, इतकंच. आईला मधुमेह आहे, त्यामुळे जवळच्या डॉक्टरांनीही ‘साखर जास्त आहे, वेळ लागणार’ म्हणून ड्रेसिंग चालू ठेवलं.

मला खटकली ती जखमेची कड. सासऱ्यांच्या पायाच्या मधुमेही जखमा मी कित्येक महिने धुतल्या आहेत, पण ही तशी नव्हती. कड उचललेली, बोटाला टणक लागणारी, मधे खड्डा आणि जरा धक्का लागला की रक्त. महिना-दीड महिन्यात न भरणारी कुठलीही जखम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी, हे मला ठाऊक होतं. अडचण आईची होती. “कंबर काय दाखवायची परक्या माणसाला?” कळव्याहून ठाण्याला न्यायचं तर आधी बाई डॉक्टर कुठल्या वारी बसतात ते विचारून आले, मग ती निघाली.

डॉक्टरबाईंनी जखमेआधी नाडीची चौकशी केली. दोरीची की रुंद पट्टीची? रोज त्याच जागी बांधता? कधी तिथे भाजलं होतं का? मग “मावशी, आडव्या व्हा” म्हणत दोन्ही जांघांत गाठी चाचपल्या, कमरेचा त्वचेचा कॅन्सर पसरला तर तिथे गाठी येऊ शकतात म्हणून. तळपाय आणि नखंसुद्धा पाहिली. आई माझ्याकडे बघायला लागली, की दुखतंय कमरेला आणि ही पाय काय बघतेय! त्यांनी सांगितलं, आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं. त्यामुळे गोऱ्या लोकांसारखा उघड्या अंगावर उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर आपल्यात कमी. पण मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, झालाच तर तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली सापडतो, आणि तिथे सनस्क्रीनचा काही संबंध नाही. दुसरा धोका जुन्या भाजल्याच्या व्रणांचा आणि वर्षानुवर्षं घासल्या जाणाऱ्या जागांचा. घट्ट नाडी, त्यात घाम, त्यात आपली ही दमट हवा. कातडी सतत सोलवटत आणि भरत राहते, आणि क्वचित एखाद्या वेळी त्या भरण्याचंच गणित बिघडतं.

हे काही नवं नाही. धोतराच्या गाठीखाली कमरेला होणाऱ्या कॅन्सरबद्दल मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी कमरेच्या अशाच कॅन्सरच्या दोन बायकांच्या केसेस प्रसिद्ध केल्या. त्यातली एक तर परकराशिवाय लुगडं नेसणारी होती. म्हणजे नाडीच पाहिजे असं नाही, करकचून मारलेली गाठही पुरते.

बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढायचा, म्हटल्यावर मामाचा फोन आला, “हत्यार लावलं की कॅन्सर पसरतो.” हा समज किती बायकांना घरी बसवतो कोण जाणे. प्रत्यक्षात जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं चुरचुरलं. जखमेच्या मधला नाही, कडेचा तुकडा घेतात, कारण मधे नुसतीच मेलेली कातडी सापडू शकते. तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत, बाटलीवर नाव. चिठ्ठीवरचं आणि बाटलीवरचं नाव एकच आहे ना, हे मी स्वतः वाचून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस वाईट गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातला कॅन्सर, निघाला, पण जांघेची सोनोग्राफी स्वच्छ होती. ऑपरेशनआधी दुसरं मत हवं म्हणून खारघरला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या केंद्रात गेलो. ठाण्याहून पनवेल लोकल सोयीची पडते. इथे एक कामाची गोष्ट सांगते: नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड्स आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. आणि रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल शोधा. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचार योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार दोन्हींवर नाव सारखं लागतं. आमच्याकडे एकावर ‘सुमन’ आणि दुसऱ्यावर ‘सुमनबाई’. त्या ‘बाई’ने कॅन्सरपेक्षा जास्त खेटे घालायला लावले.

भोवतालच्या चांगल्या कातडीसकट जखम काढली. कमरेची कातडी सैल, त्यामुळे दुसरीकडची आणून लावावी लागली नाही, सरळ टाके पडले. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे तिथे कॅन्सर नव्हता. आता ठरलेल्या दिवशी जाऊन जांघा तपासून घ्यायच्या.

नाडीचा वाद मात्र संपलेला नाही. रुंद इलॅस्टिकचा परकर शिवून आणला, तर आईच्या मते तो घसरतो. घरात गाऊन घालायला ती तयार झाली आहे, बाहेर जाताना रुंद पट्टीची नाडी, जरा सैल, रोज वर-खाली जागा बदलून. अंघोळीनंतर मी आरसा धरते आणि ती स्वतः कंबर बघते. परवा मावशी राहायला आली होती, तिच्याही पट्ट्यात पांढुरकी, खवलेदार जागा दिसली. जखम नाही अजून. ती म्हणते दिवाळीनंतर दाखवू. मी याच आठवड्यातला बाई डॉक्टरांचा वार तिला सांगून ठेवला आहे.