तुम्ही विचारलंत म्हणून: पिकअपवर कॅम्पर चढवायचा, तर आधी काय बदलायचं?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, बडोद्याच्या रावपुऱ्यात सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला काच खाली करायची खूण करून विचारतो. प्रश्न मात्र माणसागणिक वेगळा. पुण्याच्या नणंदेचा एकच: "वहिनी, त्यात संडास आहे का?" (आहे. डबा. पुढचं विचारू नका.) ज्यांच्याकडे स्वतःचा पिकअप आहे किंवा घ्यायचं मनात आहे ते मुद्द्याचं विचारतात. "डबल कॅबिनचा फोर-बाय-फोर आहे. मागच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे झोपायची-रांधायची पेटी, बसवून कच्छच्या रणात, जांबुघोड्याच्या जंगलाकडे, जमलं तर लडाखपर्यंत न्यायचाय. आधी काय बदलू? टायर, लिफ्ट किट की विंच?" (लिफ्ट किट गाडीला उंच करतं, विंच रुतलेली गाडी दोराने ओढून काढतं.)

आधी वजनकाट्यावर जा.

हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांना एखाद्या वस्तूचं नाव हवं असतं आणि मी त्यांना ट्रकवाल्यांच्या रांगेत उभं राहायला सांगते. पण मी कलाभवनात मेकॅनिकल शिकले, सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या संस्थेत. तिथली एक सवय सुटत नाही: कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही.

गाडीच्या कागदपत्रांत दोन आकडे सापडतील, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. वजाबाकी करा. समजा ४०० किलो उरले. दोघं माणसं, १३०. साठ लिटर पाणी म्हणजे ६०. फ्रिज, आतल्या भाजी-दुधासकट ३०. हौसेने लावलेलं लोखंडी बंपर आणि त्यावरचं विंच धरून ९०. राहिले ९० किलो. आता नव्वद किलोंत कॅम्पर बसवून दाखवा. शिवाय गादी, गॅस, भांडी, हत्यारं, जादाचं डिझेल अजून धरलेलं नाही. पाच सीटच्या खाजगी पिकअपचा हौदा बघून लोकांना वाटतं यात टनभर माल मावेल. मावेलही, पण गाडी तो नियमात राहून वाहू शकत नाही.

"मग पाटे वाढवले की क्षमता वाढेल ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही वाढत. पाटे म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या. ते वाढवले की गाडी मागून बसायची थांबते, बस्स. ॲक्सल तेच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चॅसी तीच आणि कागदावरचा आकडाही तोच. मागून ताठ उभी राहिलेली गाडी जास्त भरलेली आहे हे डोळ्यांना दिसेनासं होतं, एवढाच काय तो फरक.

म्हणून खरी सुधारणा कॅम्परच्या आराखड्यात होते, गॅरेजमध्ये नंतर. आपल्याकडे कॅम्पर म्हटलं की पहिल्यांदा सुतार आठवतो, आणि सुताराला १८ मिलिमीटरचा प्लाय. त्याची आठ बाय चारची एक शीट तीस किलोंच्या वर भरते. अशा पाच-सहा शीट लागल्या की तुमचं दुकान बंद. माझ्या पेटीला ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा सांगाडा आहे, भिंतींना हलके सँडविच पॅनल आहेत, आणि छप्पर ताडपत्री-कापडाच्या बाजूंसकट वर उचलून उभं राहतं. कपाटांना दारं नाहीत, जाळ्या आहेत. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. शंभर अँपिअर-तासांची जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी तीस किलोंच्या आसपास असते, ही साधारण बारा किलोंत आटपते आणि वापरायला वीजही जास्त देते. पैसे जास्त पडतात, हे खरं. पण अठरा किलो म्हणजे अठरा लिटर पाणी, आणि रणातल्या खडीर बेटाच्या वाटेवर मला अठरा लिटर पाणी जास्त प्यारं आहे.

किती वजन हे झालं. ते कुठे ठेवता हे त्याहून महत्त्वाचं. डबल कॅबिनचा हौदा जेमतेम पाच फूट. माणूस त्याहून लांब. तेव्हा झोपायची जागा कुठेतरी बाहेर काढावी लागते, मागे फाळक्यावर किंवा पुढे कॅबिनच्या टपावर. मागे काढणं सोपं आणि स्वस्त, म्हणून नव्वद टक्के लोक तेच करतात, आणि मग पाण्याची टाकीही तिथेच मागे टांगतात. आता हिशोब पाहा. दोन ॲक्सलमधलं अंतर ३.१ मीटर धरा. मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे ५० किलोंची टाकी लावली, तर मागच्या ॲक्सलवर ५० नव्हे, ६६ किलो येतात. वरचे १६ पुढच्या चाकांवरून उचलले जातात. कमाटीबागेतला सीसॉ आठवा, मधला टेकू म्हणजे मागचा ॲक्सल. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक मारला की पुढच्या टायरची पकड कमी पडते, आणि अहमदाबाद एक्सप्रेसवेवर आडवा वारा आला की गाडी भलतीकडे बघायला लागते. म्हणून टाकी आणि बॅटरी कॅबिनला चिकटून, खाली, ॲक्सलच्या पुढे. झोपायचं फळकूट कॅबिनच्या टपावर. फाळक्यावर फक्त शेगडी, तीही गाडी उभी असताना. आमचे हे सहा फुटांचे आहेत आणि वर शिडी चढून झोपतात. दोन दिवस कुरकुरले, मग सवय झाली.

काट्यावर जाल तेव्हा पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं, अशी तिन्ही वजनं घ्या. पावत्या जपून ठेवा. त्या पावत्या घेऊन पाट्याच्या मिस्त्रीकडे गेलात तर तो तुम्हाला चहा पाजेल, कारण असं गिऱ्हाईक त्याला मिळत नाही.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, मी ज्या मिस्त्रींकडे जाते त्यांचा जन्म ट्रकचे पाटे ठोकण्यात गेला. पिकअप त्यांच्या लेखी खेळणं. त्यांनी आधी रिकामी गाडी सपाट जागी उभी केली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली आणि माप खडूने टायरवरच लिहिलं. मग कॅम्पर चढवायला लावला, टाकी भरायला लावली, आम्हा दोघांना आत बसवलं, पुन्हा टेप, पुन्हा खडू. दोन मापांतला फरक बघून म्हणाले, एक पाटा, पातळ, लांब. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला दोन जाड पाटे हवे होते, त्याला सांगत होते, "भाई, खाली गाडी बहु कूदशे." (रिकामी गाडी फार उड्या मारेल.) आणि मारतेच. कॅम्पर उतरवून भाजी आणायला निघालात की रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर मागून उडते, आणि उडालेलं चाक ब्रेक लावू शकत नाही. काम झाल्यावर पाटे ॲक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट त्यांनी भंगारात फेकले, नवेच टाकले; एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. पाचशे किलोमीटरनंतर परत बोलावून सगळे नट पुन्हा आवळले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या लावून घेणारेही आहेत. दोन दिवसांच्या जास्तीच्या ओझ्यासाठी ठीक, पण खडबडीत वाटेवर त्यांच्या भरवशावर जड कॅम्पर नेणं मला मान्य नाही. पाटा आपला भार चॅसीला पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना देतो. पिशवी तो सगळा मधल्या एकाच ठिकाणी देते, आणि मागे ओझं लोंबकळत असेल तर प्रत्येक खड्ड्यात चॅसी त्या बिंदूवर वाकायला बघते. वाकलेल्या चॅसीचे पिकअप जगभर आहेत, आणि त्यांत कॅम्परवाले बरेच.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. काही पिकअपांना मागच्या ॲक्सलपाशी एक दांडी असते, ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली. गाडी मागून किती बसली आहे त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाट्यांनी किंवा लिफ्ट किटने मागची बाजू उंच केली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी लावतो. नेमकी गाडी भरलेली असताना. तुमच्या गाडीला ती दांडी असेल तर उंची बदलल्यावर ती जुळवून घ्या. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरच्यांचे शिव्याशाप वाचतील.

शॉकअप बदला, पाटे ताठ केल्यावर जुने पुरत नाहीत.

टायरवर लोक पैसा उधळतात आणि त्यावर कोरलेला आकडा वाचत नाहीत. मापाच्या शेवटी एक संख्या असते, भाराचा निर्देशांक. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १०९ म्हणजे १०३०. ऑल-टेरेन टायर घ्या, पण कंपनीच्याच मापाचा आणि मूळ निर्देशांकापेक्षा कमी नसलेला. चिखलाच्या दातेरी टायरांचा मोह आवरा. आपला नव्वद टक्के प्रवास डांबरावरच होतो. खरी जादू हवेत आहे. डांबरावर भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरांत मी चाळीस पीएसआयच्या आसपास हवा ठेवते. संखेड्याजवळ ओरसंगच्या कोरड्या वाळूत उतरायचं तर वीसवर आणते. टायर जमिनीवर लांब पसरतो आणि गाडी वाळू उकरायच्या ऐवजी तिच्यावरून जाते. लो रेंज (फोर-बाय-फोरचा हळू, ताकदीचा गिअर), हळू, वळण मोठं, आणि जोरात ब्रेक नाही. बाहेर आलं की कॉम्प्रेसरने हवा परत भरायची. तेवढ्या कमी हवेवर महामार्गाला लागलात तर टायर तापून फाटेल. हा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, एक फावडं, रुतलेल्या चाकांखाली घालायचे दोन रिकव्हरी बोर्ड आणि ताणला जाणारा दोर एवढं असलं की विंचशिवाय आमचं कुठे अडलेलं नाही. दोर गाडीच्या मूळच्या ओढायच्या हुकालाच अडकवा. ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला अडकवू नका, तो तुटून काचेतून आत येतो आणि माणसं मरतात.

रणाचं मात्र वेगळं आहे, तिथे वरचं काहीच कामाला येत नाही. पावसाळ्यात रण पाण्याखाली असतं. हिवाळ्यात पाणी आटून वर पांढरी खपली धरते आणि ती सिमेंटसारखी टणक दिसते. खाली चिखल तसाच. रिकामी जीप जिथून गेली तिथे कॅम्परवाला पिकअप खपली फोडून पोटावर बसतो, आणि मग हवा कमी करा नाहीतर डिफ लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) लावा, मिठागरातला ट्रॅक्टर येईपर्यंत चहा करत बसायचं. उतरा, चालत जा, टाच मारून बघा. टाच ओली आली तर गाडी तिथेच. छोट्या रणात तर पडलेली चाकोरी सोडूच नका. ते घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं, अभयारण्य आहे, जवळजवळ ५००० चौरस किलोमीटरचं, आणि आत जायला वनखात्याची परवानगी लागते. धोलावीराला जाणारा नवा रस्ता पांढऱ्या रणातून सरळ डांबरी जातो. फोटो तिथूनही तेवढेच सुंदर येतात, आणि कॅम्पर खडीर बेटावर टणक जमिनीवर उभा करता येतो.

रणातून बाहेर पडल्यावर पहिलं काम, गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची. घरी आल्यावर नाही, वाटेतच, पहिल्या सर्व्हिस स्टेशनवर. पाट्यांच्या मधल्या फटींत आणि बॅटरीच्या जोडांत मीठ बसलं की ते पुढचे सहा महिने तिथे आपलं काम करत राहतं.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीचा नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी सांगितली. शिवाय ते ठोकरीच्या वेळी एअरबॅगच्या सेन्सरला फसवू शकतं. म्हणून माझा कॅम्पर गाडीला वेल्ड केलेला नाही, चार टर्नबकल (पिळून आवळायचे आकडे) सोडले की तो पायांवर उभा राहतो आणि पिकअप खालून निघून जातो. गाडी कापून कायमची कॅरव्हान करायची असेल तर त्याचं वेगळं मानक आहे, एआयएस-१२४, आणि ते एकट्यादुकट्या हौशी माणसाचं काम नाही. तुमच्या बेताबद्दल आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा. तोंडी "चालतंय, बेन" वर दावा पास होत नाही.

लिफ्ट किटबद्दल परत विचाराल, म्हणून: मी लावलेलं नाही. उंच पेटी डोक्यावर घेऊन गाडी आणखी वर उचलायची आणि मग उतरणीच्या तिरक्या वाटेवर जायचं, हे माझ्या पेन्सिलीला पटत नाही. स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाची हवा टपाच्या उंचीवरून घेणारी नळी, लावलंत तर माझी हरकत नाही. कच्छच्या धुळीत हवा वरून घेतली की फिल्टर जास्त टिकतो.

आणि पाट्यांचं काम काढायचं असेल तर नवरात्र संपता संपता काढा. रणाचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो म्हणून सगळे दिवाळीनंतर जागे होतात, आणि तेव्हा मकरपुऱ्यात लाभपाचमीपर्यंत शटरं बंद असतात.