पुरानंतर कंपनीचा पैसा नेमका कुठे लागावा

पूर ओसरला की पहिल्या पंधरवड्यात मदतीची रीघ लागते, हे ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरने पाहिले. शिरोळ आणि पलूस तालुक्यांतील रस्त्यालगतच्या गावांत ब्लँकेटे, बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांचे ढीग लागले. आडबाजूच्या गावांपर्यंत मात्र त्यातले फारसे पोहोचले नाही. त्या मदतीमागच्या भावनेबद्दल मला शंका नाही. परंतु एका संस्थेच्या वतीने कंपन्यांकडे गाव पुन्हा उभे करण्याचे प्रस्ताव घेऊन जाणे हे माझे काम असल्यामुळे माझ्यासमोरचा प्रश्न सहा महिन्यांनंतरचा असतो. तोपर्यंत पंचनामे झालेले असतात, छायाचित्रकार परतलेले असतात आणि पडलेल्या भिंतीच्या जागी हिरवी जाळी लावून माणसे राहत असतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कोणती कामे चालतात हे सातव्या अनुसूचीत दिलेले आहे आणि तिच्यात आपत्ती व्यवस्थापन, मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी हा विषय स्पष्ट शब्दांत आला तो मे 2019 मध्ये, म्हणजे त्या महापुराच्या जेमतेम दोन महिने आधी. 2021 च्या नियमांनी सुरू झालेला प्रकल्प, पहिले आर्थिक वर्ष सोडून, पुढची तीन वर्षे चालू ठेवण्याची मुभा दिली. तरीही बहुतेक कंपन्यांची पहिली अट ‘31 मार्चच्या आत काम पूर्ण दिसले पाहिजे’ हीच असते. ही अट कायद्यातून आलेली नाही, ती सवयीतून आलेली आहे.

या सवयीमुळे पैसा घरांकडे वळतो. घराचे छायाचित्र निघते, किल्ली देण्याचा कार्यक्रम करता येतो, दारावर पाटी बसते. घरे नकोत असे मी म्हणणार नाही. 2019 मध्ये पूर्ण पडलेल्या घरासाठी आपत्ती निधीच्या निकषांनुसार सपाट भागात 95,100 रुपये मिळत होते आणि तेवढ्यात पाया आणि अर्ध्या भिंतीच्या पुढे कोणी जात नसे. 2022 पासून ही रक्कम 1 लाख 20 हजार झाली, तरी स्लॅबचे घर त्यात होत नाही. पण घर कसले बांधायचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

नदीकाठच्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. पाणी वर असताना त्या कशाबशा तग धरतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर, एकेक करून खाली बसतात. म्हणून सरसकट ‘जोते दोन फूट उंच घ्या’ असा उपाय सुचवला जातो. ज्या गावात पाणी आढ्याला लागले तिथे दोन फुटांनी काय साधणार? अशा ठिकाणी मला एकच गोष्ट पटते: खोली एकच असो, पण वर स्लॅब असावा आणि त्यावर जायला पक्का जिना असावा. पुराची वर्दी मिळाली की धान्याची पोती, कागदपत्रांची पेटी, गॅसची शेगडी आणि शिलाई मशीन वर नेऊन, ताडपत्रीने झाकून माणसांनी बाहेर पडायचे. काळ्या जमिनीत पाया किती खोल न्यायचा आणि जोत्याला व दारांच्या वर काँक्रीटचा पट्टा कसा फिरवायचा, हे गावच्याच गवंड्यांना शिकवावे. कंपनीने तयार घर न देता घरमालकाला टप्प्याटप्प्याने पैसे, एक अभियंता आणि खात्रीचे सिमेंट-लोखंड दिले, तर त्याच रकमेत अधिक घरे उभी राहतात, शिवाय घर मालकाच्या मर्जीने होते.

मर्जीचा मुद्दा मी मुद्दाम मांडतो आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि अनेक संस्था व उद्योगांनी गावे ‘दत्तक’ घेतली. घरे भक्कम झाली, पण चौकटीत आखलेल्या रस्त्यांवरील एकसारख्या रांगांमध्ये गोठ्याला, वैरणीला आणि परसाला जागा राहिली नाही. पुढे लोकांनी आपापल्या परीने पत्रे ठोकून ती करून घेतली. कागदावर सुबक दिसणारा आराखडा शेतकऱ्याच्या संसाराला कसा अपुरा पडतो, हे त्या भागात आजही दिसते. शिरोळ तालुक्यातील एका गावच्या ग्रामसभेत आमचे वास्तुविशारद नकाशा उलगडून दाखवत होते, तेव्हा मागून एका आजींनी विचारले, “बाबा, ह्यात म्हस कुठं बांधायची?” सभा हसली. नकाशा मात्र बदलावा लागला.

त्या म्हशीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. 2019 मध्ये अनेक कुटुंबे पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलली नाहीत, कारण दावणीची जनावरे सोडून जायला मन धजत नव्हते. माणसांना शाळेत वा मंगल कार्यालयात आसरा मिळतो, जनावरांना मिळत नाही. गावाच्या उंचवट्यावर, गायरानात परवानगी घेऊन, पाण्याची टाकी व वैरणीच्या कोठीसह सामाईक निवारा बांधला, तर माणसेही वेळेत बाहेर पडतात. माझ्या मते जीव वाचवणारी सगळ्यात स्वस्त इमारत तीच आहे, आणि तिच्यासाठी पैसे मिळवताना मला सर्वाधिक पायपीट करावी लागते.

दुसरी वस्तू याहून बिनचेहऱ्याची आहे. बहुतेक गावांची नळयोजना नदीकाठच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीचे पाणी घेऊन मोटारीने वर चढवणाऱ्या विहिरीवर, चालते. पुरात मोटार आणि स्टार्टरची पेटी बुडते, आणि पूर ओसरल्यावर ज्या दिवसांत स्वच्छ पाण्याची सर्वाधिक गरज असते नेमके तेव्हाच नळ कोरडे राहतात. मोटारीची व पेटीची जागा 2019 आणि 2021 च्या पुरांनी सोडलेल्या पाणीखुणेच्या वर नेणे हे काम एका पावसाळ्याआधी होऊ शकते. विजेच्या डीपीचा, म्हणजे रोहित्राचा, चौथराही उंच हवा, पण तो महावितरणचा असल्यामुळे तिथे कंपनीचा पैसा एकटा पुरत नाही, कार्यालयात बसून राहणारा माणूसही लागतो.

अशा सामाईक गोष्टींना कायदाही अनुकूल आहे. या निधीतून उभी राहणारी भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था, लाभार्थ्यांचे बचत गट किंवा समूह, अथवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच असावी लागते.

पाणीखुणेचा उल्लेख आला म्हणून पूररेषांबद्दल, म्हणजे पूर कुठवर येतो हे नकाशावर दाखवणाऱ्या रेषांबद्दल, दोन शब्द. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हा हिशेब जुन्या नोंदींवर बांधलेला असतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट असताना 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, म्हणजे 2005 चा पूरही मागे पडला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ धोका 43 फुटांना असतो. तिथे 2021 चे पाणी 2019 च्याही वर चढले. दोन वर्षांत दोनदा असे घडल्यावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवर विसंबून जिन्याची उंची ठरवणे मला धाडसाचे वाटते. म्हणून रेषा कुठलीही असो, गावातील भिंतींवरची सर्वांत वरची खूण धरावी आणि तिच्यावर आणखी हातभर चढवावे.

सगळे गावच उचलून वर का नेत नाही, असे शहरातून हमखास विचारले जाते. कोल्हापूरजवळच्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या. तरीही जुनी गावे वसती राहिली आणि 2019 मध्ये पुन्हा बुडाली. शेत, विहीर, देऊळ आणि ऊस खाली असताना माणूस वर किती दिवस राहील? स्थलांतर हवेच असेल, तर रोजच्या ये-जा करण्याचा रस्ता आणि गोठा आधी, घर नंतर, असा क्रम लावावा लागेल.

शेवटी देखभाल. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे बुडाली, आणि त्यानंतर नदीकाठच्या गावांना बोटी देण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. बोट दिल्याचे पत्रक निघते. तिच्या इंजिनाची दरवर्षीची दुरुस्ती, लाइफ जॅकेटांची तपासणी आणि जूनमध्ये पोरांकडून एकदा पाण्यात चालवून पाहणे, यासाठीचा खर्च मात्र कुठल्याच पत्रकात नसतो. यंदापासून आम्ही प्रत्येक प्रस्तावात तीन वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळ्या ओळीत लिहितो. एका कंपनीने ती ओळ खोडून प्रस्ताव परत पाठवला. आम्ही ओळ तशीच ठेवून तो पुन्हा पाठवला आहे.