ताटाची डावी बाजू

मार्च २०२३मध्ये कार्यालयातल्या वार्षिक तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, ६.१ टक्के आले, तेव्हा मी ४६ वर्षांची होते आणि माझे वजन ७४ किलो होते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, आणि आदल्या दिवशी उपाशी राहून ती बदलता येत नाही. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानतात. माझ्या वडिलांना वीस वर्षे मधुमेह होता आणि शेवटी त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती, तेव्हा रोज ड्रेसिंग मी करत असे. त्यामुळे तो कागद हातात आल्यावर मला फार भीती वाटली.

त्या भीतीपोटीच मी पहिली चूक केली. ओळखीतल्या एकीने दिलेला आहाराचा तक्ता आणला आणि भात, पोळी, बटाटा, साखर एका दिवसात बंद केली. रात्री फक्त सूप घेऊ लागले. हे बावीस दिवस चालले. वजन तीन किलोंनी उतरले, पण दुपारी डोके दुखे, मुलावर विनाकारण आवाज चढे, आणि घरच्यांसाठी पोळ्या लाटताना मला अक्षरशः रडू येई. तेविसाव्या दिवशी नात्यातल्या मुंजीत पंगतीला बसले आणि पोट गच्च होईपर्यंत जेवले. पुढच्या महिन्याभरात ते तीन किलो परत आले.

आमच्या डॉक्टरांनी हे ऐकून घेतले आणि एकच काम सांगितले : आठ दिवस काहीही न बदलता, जे खाल ते वेळेसह वहीत लिहा. ती वही मी अजून जपून ठेवली आहे, कारण माझा सगळा बदल तिच्यातून निघाला. माझी समजूत होती की मी जेवण जास्त करते. वहीत मात्र वेगळेच दिसले. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. संध्याकाळी सात वाजता घरी पोचल्यावर, चप्पल काढून हात धुतले न धुतले तोच, ओट्याशी उभ्याने खाल्लेले फरसाण. आठ दिवसांत पालेभाजी एकदा, कोशिंबीर दोनदा, आणि कडधान्य म्हणावे तर फक्त तुरीची पातळ आमटी. जेवणातल्या पोळ्या रोज तीनच होत्या.

ती वही चाळताना मला माहेरी शिकलेली ताट वाढण्याची रीत आठवली. मीठ वर मध्यभागी, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. आमच्या घरात डावी बाजू हळूहळू बाटलीतल्या लोणच्यापुरती उरली होती. मी ठरवले की ताटातून काहीही काढायचे नाही, फक्त डावी बाजू मोठी करायची. कोशिंबीर चमचाभर नव्हे, तर वाटीभर, आणि ती जेवणाच्या सुरुवातीला खायची. भाज्यांतला चोथा आणि उसळीतली प्रथिने आधी पोटात गेली की मागून येणाऱ्या भाताची साखर रक्तात सावकाश उतरते, हे डॉक्टरांनी नंतर समजावले. मला मात्र तेवढेच जाणवले की तिसऱ्या पोळीची इच्छा दोन आठवड्यांत आपोआप कमी झाली.

वाटीभर कोशिंबीर रोज करायची म्हणजे वेळ लागतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी पालेभाज्या निवडून सुती कापडात गुंडाळून ठेवायच्या आणि रविवारी मटकी किंवा हुलगे मोडासाठी भिजवायचे, असा नेम केला. माझे माहेर मंगळवेढ्याकडचे. तिथे हिवाळ्यात भाकरीबरोबर मेथीची कोवळी पाने कच्चीच खातात, वर थोडे शेंगदाण्याचे कूट, कांदा आणि तेल. पुण्यात येऊन पंचवीस वर्षे मी ते विसरले होते. कोबीची पचडी, मुळ्याचा कीस, दाण्याचे कूट घातलेली खमंग काकडी हे सगळे दहा मिनिटांत होते. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि त्यांना कच्चे चावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी तांबड्या भोपळ्याचे दह्यातले भरीत करू लागले, आणि पुढे तेच सगळ्यांच्या आवडीचे झाले. त्यांचे मन वळवणे मात्र सोपे नव्हते. “अगं, दोन पोळ्यांवर कुणी उठतं का?” असे त्या रोज म्हणत आणि तिसरी पोळी ताटात टाकत. मी वाद घातला नाही. माझे रिपोर्ट त्यांना वाचून दाखवले आणि वडिलांच्या पायाबद्दल पहिल्यांदाच सविस्तर सांगितले. त्यानंतर त्यांनी आग्रह केला तो उसळीचा.

चहाची साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा याप्रमाणे दोनवरून अर्ध्यावर आणली आणि चौथा कप सोडला. आधीचे आठ चमचे म्हणजे साधारण ३५ ग्रॅम साखर केवळ चहातून जात होती, आणि जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली सगळी साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे अधिक चांगले मानते. तेलाचा पाच लिटरचा डबा चौघांना महिनाभर पुरे. आता तो चाळीस दिवस जातो. त्यासाठी फोडणीचे तेल चमच्याने मोजून घालते, बाकी काही केले नाही.

भाकरीच्या बाबतीत माझा मोठा गैरसमज होता. ज्वारी सुरू केली म्हणजे कितीही खाल्ली तरी चालेल असे मी धरले होते आणि दोन-दोन मोठ्या भाकरी खात होते. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.० आले, म्हणजे जवळजवळ होते तिथेच. शंभर ग्रॅम ज्वारीतही सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, हे तेव्हा कळले. भाकरीत चोथा जास्त असतो आणि ती सावकाश चावून खावी लागते, हा तिचा खरा गुण आहे, पण प्रमाण तिलाही लागतेच. आता रात्री एक भाकरी आणि दुपारच्या डब्यात दोन पोळ्या असतात.

सर्वांत जास्त वेळ संध्याकाळच्या भुकेने घेतला. फरसाण घरात आणायचे नाही असे करून पाहिले, तेव्हा मी त्याऐवजी बिस्किटे खाल्ली. कारण भूक खरी होती : दुपारी एकचा डबा आणि रात्री नऊचे जेवण यांत आठ तासांचे अंतर होते. मग पाच वाजता कार्यालयातच मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा केळे खाऊ लागले, आणि जेवण आठवर आणले. सात वाजताचे ते उभ्याने खाणे त्यानंतर सहा-सात आठवड्यांत सुटले. फरसाणाचा डबा आजही घरात आहे. रविवारी भेळ करतो तेव्हा तो निघतो.

सणावारांना मी हात लावला नाही. दिवाळीत चकली, चिवडा खाल्ला, फक्त ताटलीत घेऊन आणि बसून. एकादशीला मात्र ‘दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरी शब्दशः खरी होती, म्हणून साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करते, सोबत काकडीची कोशिंबीर.

मे २०२४मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची नवी आहारसूत्रे वर्तमानपत्रात वाचली. त्यांत दिवसाच्या आहाराचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा सांगितला आहे. ते वाचून मला मनापासून बरे वाटले. त्याच महिन्यात एचबीएवनसी ५.६ आले आणि वजन ६९ भरले. चौदा महिन्यांत पाच किलो हा वेग पहिल्या तक्त्यापुढे फारच मंद आहे, पण या पाच किलोंतला एकही परत आलेला नाही.

आर्थिक वर्ष संपताना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हिशेबांसाठी कार्यालयात रात्री नऊपर्यंत बसावे लागते आणि तिथे सगळ्यांसाठी वडे, सामोसे येतात. तो आठवडा मला अजून नीट जमत नाही. या वर्षी दुसरा छोटा डबा नेऊन पाहिला, त्यात उसळ आणि दही-पोहे होते. सहांपैकी चार दिवस तो पुरला.