तुम्ही विचारलंत म्हणून: मी लोट्याच्या एमआयडीसीत का जात नाही

"आयटीआय केलेला वेल्डर तू, लोट्याला कंपनीत चिकटायचं सोडून लोकांच्या बागेतली कलमं काय राखत बसलायस?" शिमग्याला आलेले चाकरमानी विचारतात, बायकोचे मामा विचारतात. एकदा सांगूनच टाकतो.

बांधाच्या भांडणात चुलतभावाला मी कोयतीने मारलं हे तुम्हाला माहितीय. मारलं, नाही म्हणत नाही. कलम ३२४, म्हणजे घातक हत्याराने दुखापत, लागलं, गुन्हा शाबित झाला, पण जेल नाही, १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. वकील म्हणाले त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा शाबित झाल्यामुळे येणारी अपात्रता तुला लागत नाही. पण पोलीस पडताळणीत गुन्हा दिसतो तो दिसतोच, आणि एचआरवाल्याला कलम १२ कोण समजावणार?

दोन ठिकाणी फॉर्मात खरं लिहिलं, फोनच आला नाही. तिसऱ्या ठिकाणी 'गुन्हा दाखल आहे का' समोर 'नाही' लिहिलं. चार महिने काम केलं, एक वेल्ड परत आला नाही. मग एका सकाळी गेटवर वॉचमन म्हणाला, दादा पास द्या, वरून सांगितलंय. मागे पहिल्या शिफ्टची रांग, सगळे ओळखीचे, कोणी काही बोलेना. सेफ्टी शूज कंपनीचे, तेही तिथेच काढून घेतले, माझी चप्पल आत लॉकरला आणि आत सोडेनात. हायवेपर्यंत अनवाणी आलो. चिपळूण स्टँडवर नवीन चप्पल घेतली आणि पाच वाजेपर्यंत तिथेच बसलो, कारण लवकर घरी गेलो असतो तर आईला काय सांगणार होतो? डबा तसाच परत आणला. आईने आधी चप्पलच बघितली.

खोटं लिहिलं ही माझी चूक, मान्य. तेव्हा स्वतःला म्हणायचो, खरं लिहिलं असतंस तर टिकला असतास. पण वकिलांनीच नंतर सांगितलं, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात म्हटलंय की माहिती लपवली तर काढता येतं, आणि खरी सांगितली तरी नेमणूक द्यायची सक्ती नाही. मग कुठल्या तोंडाने मला प्रामाणिकपणा शिकवता? आणि तरी रात्री वाटतंच, तो 'नाही' लिहायला नको होता.

ज्याला मारलं तो गणपतीत आमच्याकडे आरतीला येतो, गेल्या वर्षी गेटचं ग्रिलही माझ्याकडूनच करून घेतलं.

आता ठेकेदाराचा फोन आलाय, दुसऱ्या कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, पंधरा दिवसांचं काम आहे. म्हणतो फॉर्म मी भरतो, तू फक्त सही कर. उद्या सकाळपर्यंत कळवायचंय.